बिनकातड्याचा ढोल

विजेच्या ढोलाला कातडं नसतं, त्यामुळे पावसाळ्यात तो उतरत नाही. हा त्याचा पहिला आणि माझ्या मते शेवटचा व्यावहारिक फायदा. बाकी सगळा खटाटोपच. तो गळ्यात अडकवता येत नाही, मिरवणुकीत नेता येत नाही आणि 'वाजवून दाखवा की' असं कुणी म्हणालंच, तर लॅपटॉप सुरू होऊन, त्याचे अपडेट संपून, स्पीकरची वायर सापडेपर्यंत पाहुण्यांचा चहा झालेला असतो. तरीही रात्रीची जेवणं उरकली की मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून विजेतून ढोल, ताशे, झांजा आणि टाळ्या बनवत असतो. बनवत म्हणजे अक्षरशः बनवत. कुणीतरी वाजवून ठेवलेले आवाज उचलून आणायचे नाहीत, कंपनांच्या कच्च्या मालापासून एकेक ठोका घडवायचा. घरात या उद्योगाला 'ठोकाठोकी' म्हणतात आणि 'आज ठोकाठोकी किती वाजेपर्यंत?' हा प्रश्न ताकभाताबरोबर येतो.

कच्चा माल दोनच प्रकारचा. एक शुद्ध सूर, त्याला साइन वेव्ह म्हणतात, आणि दुसरा निव्वळ गोंगाट. शुद्ध सूर ऐकायला अगदी बेचव. तंबोऱ्याच्या एका तारेत सुरांचं अख्खं गोकुळ नांदत असतं. साइन वेव्हमध्ये एकच कंपन, आणि तेही इतकं सज्जन की मिनिटभरात जांभई यावी. या सज्जनाचा ढोल करायचा तर त्याला वरून ढकलून द्यावं लागतं. सेकंदाला २०० कंपनांवर त्याला उभा करायचा, सेकंदाच्या विसाव्या भागात ५० वर आणून आदळायचा आणि पुढच्या पाव-अर्ध्या सेकंदात त्याचा जोर शून्यावर न्यायचा. झाला ढोल. स्पीकरमधून 'धुप्' येतं आणि खिडकीची काच थरथरते.

हे घसरणं म्हणजे कुणा इंजिनिअरची लहर नव्हे. खऱ्या कातड्यावर टिपरू जोरात पडलं की कातडं क्षणभर जास्त ताणलं जातं, सूर किंचित चढतो आणि ताण ओसरेल तसा खाली येतो. यंत्रात हे जरा वाढवून सांगावं लागतं, एवढंच. आपल्या कानाला ही उतरंड वेगळी ऐकूच येत नाही; 'जोरात मारलं' एवढाच अर्थ तो काढतो. मात्र उतरंड थोडी लांबवली, विसाव्या भागाऐवजी सेकंदाचा तिसरा भाग दिला, तर ढोल गायब होतो आणि उरतो 'ड्यूऽऽम'. ज्यांनी ऐंशीच्या दशकातली डिस्को गाणी ऐकली आहेत त्यांना हा 'ड्यूऽऽम' चांगला ठाऊक आहे. १९८१ च्या सुमाराला सिमन्सचे षटकोनी इलेक्ट्रॉनिक ड्रम आले आणि काही वर्षं जगभरचे ड्रमवाले मधमाश्यांच्या पोळ्यासमोर बसल्यासारखे दिसू लागले. सांगायचं इतकंच की ढोल आणि अवकाशयानातली बंदूक यांच्यात अंतर आहे पाव सेकंदाचं.

माझा पहिला बऱ्यापैकी ढोल ऐकून आई आतून म्हणाली, "अरे, दाराशी कोण आलंय बघ." ही टीका नव्हती, निदान होतं. नुसत्या शुद्ध सुराच्या ठोक्याला काठीचा स्पर्श नसतो, त्यामुळे तो मूठ लाकडावर पडल्यासारखा वाटतो. मग मी त्याच्या आरंभी दोन-तीन मिलिसेकंदांचा एक बारीक 'टक्' जोडला. तेव्हापासून आई दार उघडायला सांगत नाही, आवाज कमी करायला सांगते. म्हणजे ढोल तिला ढोल म्हणून पटला.

सिंथेसायझरवर प्रत्येक आवाजाच्या आयुष्याला चार खुंट्या असतात: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. उगवणं, ओसरणं, टिकून राहणं आणि मावळणं. बासरी, सारंगी, गवयाचा आकार हे सगळे तिसऱ्या खुंटीवर जगतात. ढोलाच्या वेळी ती खुंटी शून्यावर नेऊन विसरून जायचं. उगवणंही जवळजवळ शून्य. उरतं काय, तर ओसरणं. सगळी रात्र एकाच प्रश्नात जाते: याने संपावं कसं? झटकन? रेंगाळत? आधी झटकन आणि मग शेपूट ठेवून? डिकेची खुंटी केसभर फिरवली तरी ढोलाचा माठ होतो, माठाचा डबा होतो. बायकोला हा फरक ऐकू येतो, पण ती तसं कबूल करत नाही.

आता गोंगाट. अँटेना हलला की जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या आणि 'खऽऽस' असा आवाज व्हायचा, तोच हा. उंच-सखल सगळी कंपनं त्यात सारख्याच जोराने भरलेली असतात. त्यातला खालचा भाग गाळून टाका, उरलेला पाव सेकंदाच्या आत संपवा आणि जोडीला १८० आणि ३३० कंपनांच्या आसपासचे दोन सूर घाला; स्नेअर ड्रम तयार. सूर आणखी वर चढवले, शेपूट आणखी कापलं, की माणूस ताशाच्या गल्लीत शिरतो. या गोंगाटाचं मला फार कौतुक आहे, कारण इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं शास्त्र तो घालवण्यासाठी राबतं आणि आम्ही ठोकाठोकीवाले तो जपून ठेवतो.

यात मी एकटा नाही. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात रोलँड कंपनी काढली आणि १९८० मध्ये तिचं टीआर-८०८ नावाचं तालयंत्र आलं. त्यातला ढोल, स्नेअर, झांजा, टाळ्या, सगळं सर्किटांतून घडवलेलं. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-१ बाजारात आलं होतं. त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित ठोके साठवलेले होते आणि किंमत होती सुमारे ५,००० डॉलर. टीआर-८०८ सुमारे १,२०० डॉलरला मिळायचं आणि खऱ्या ड्रमसारखं मुळीच वाजायचं नाही. लोकांनी नाकं मुरडली. पण काकेहाशींचं एक कर्तृत्व मला अतिशय प्रिय आहे. या यंत्रातली खसखस हवी तशी यावी म्हणून त्यांनी कारखान्यांतून नापास झालेले, सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले. पुढे ट्रान्झिस्टर बनवणारे सुधारले. मालात दोष राहिनात. सदोष माल मिळेना म्हणून १९८३ मध्ये टीआर-८०८ चं उत्पादन थांबलं. तोवर सुमारे १२,००० नग तयार झाले होते. गुणवत्ता वाढल्यामुळे बंद पडलेला माल माझ्या माहितीत तरी हा एकच.

मग नेहमीचं झालं. टाकाऊ ठरलेली ही यंत्रं अमेरिकेत जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि ज्यांना ड्रमवाला परवडत नव्हता अशा पोरांनी ती उचलली. हिप-हॉपला आणि टेक्नोला त्यांचा ढोल सापडला. ओसरण्याची खुंटी शेवटापर्यंत फिरवली की या यंत्रातला ढोल 'धूऽऽऽम' असा लांबच लांब घुमतो. ढोल उरत नाही, जमिनीखालचा स्वर होतो. आज वरातीत डीजेच्या भिंतीतून जे थेट बरगड्यांवर येतं, त्याचं कुळ बहुतेक वेळा तिथपर्यंत पोहोचतं. खऱ्यासारखं वाजत नाही म्हणून ज्याला हसले, त्याच्या त्या खोटेपणाची आता नक्कल करतात. तो आवाज माझ्या लॅपटॉपवरही आणता येतो; वरातीला बोलावणं मात्र अजून आलेलं नाही.

टाळी हा त्याहून मजेदार प्रकार. एक टाळी बनवायला काही लागत नाही. गोंगाटाची एक बारीक फट् पुरे. पण ती ऐकायला अगदी एकटी वाटते, थोबाडीत मारल्यासारखी. दहा माणसांची टाळी हवी तर जोर वाढवून उपयोग नाही, फट् पसरावी लागते. टीआर-८०८ मध्ये गोंगाटाचे तीन-चार झटके जवळजवळ दहा मिलिसेकंदांच्या अंतराने लागोपाठ सोडतात आणि शेवटच्याला थोडं लांब शेपूट लावतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरच्या गणपतीची आरती समोर दिसली. सगळ्या टाळ्या एका क्षणी पडल्या आहेत असं आमच्याकडे कधी घडलेलं नाही. मुलं पुढे धावतात, मधली फळी साधारण तालात असते आणि एक काका हमखास अर्ध्या मात्रेने मागे असतात. त्यांच्या मागे राहण्यामुळेच खोली माणसांनी भरल्यासारखी वाटते, हे मला सर्किटचा नकाशा बघून कळलं. शेवटचं जे लांब शेपूट, ते काका. जपानी अभियंत्यांनी त्यांच्यासाठी यंत्रात कायमची जागा राखून ठेवली आहे.

झांजेतही तेच. धातूच्या आवाजासाठी त्यांनी सहा वेगवेगळ्या कंपनांचे चौकोनी लहरींचे स्रोत घेतले. कुणाचंही कुणाशी साधं गणिती नातं नाही, म्हणजे सहाही जण एकमेकांशी बेसूर. त्यांची एकत्र कुरबुर चाळणीतून गाळली, खालचा भाग काढून टाकला, की 'त्स्' अशी स्वच्छ झांज. एक जरी दुसऱ्याशी जुळला तरी झांजेतून सूर डोकावायला लागतो आणि सगळं बिघडतं. काउबेलला तर दोनच पुरतात, सुमारे ५४० आणि ८०० कंपनांचे. त्या काउबेलविषयी मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. जगात तिची अनेक गाणी गाजली असतील, पण स्टीलच्या ताटलीवर चमचा आपटला तर जो आनंद होतो तेवढाच मला तिच्यातून मिळतो.

आणखी एक कृती सांगायलाच हवी, कारण ती ऐकून गणितवाले गंभीर होतात आणि मी हसत सुटतो. १९८३ मध्ये केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी तारेचे आणि ढोलाचे आवाज काढण्याची एक अतिशय स्वस्त युक्ती छापली. गोंगाटाचा छोटासा तुकडा घ्यायचा, त्याला गोल गोल फिरवायचं आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या आकड्यांची सरासरी काढत जायचं. गोंगाट हळूहळू शांत होत जातो आणि छेडलेली तार ऐकू येते. आता याच फेरीत प्रत्येक आकड्यापाशी छापा-काटा करायचा. छापा आला तर आकडा तसाच, काटा आला तर उणे करायचा. तार नाहीशी होते आणि ढोल वाजतो. म्हणजे तार आणि ढोल यांच्यातला फरक एका प्रामाणिक नाण्याइतकाच आहे. संगणक सेकंदाला हजारो वेळा नाणं उडवतो; हे काम हाताने करायचं ठरवलं असतं तर एक 'धप' ऐकायला बरेच दिवस लागले असते.

गणितवाल्यांचा विषय निघालाच आहे, तर मार्क काक या गणितज्ञाने १९६६ मध्ये एका लेखाच्या मथळ्यातच प्रश्न विचारला होता: ढोलाचा आकार नुसता ऐकून ओळखता येईल का? उत्तर मिळायला १९९२ उजाडलं. कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब आणि स्कॉट वोल्पर्ट यांनी दोन वेगळ्या आकारांचे, तंतोतंत एकच सूर देणारे ढोल कागदावर काढून दाखवले. तेव्हा उत्तर: नाही येत. माझ्या ढोलाला आकारच नाही, त्यामुळे मी या वादात पडत नाही.

माझी खरी परीक्षा तबल्याला झाली. आमच्या वरच्या मजल्यावर तबल्याचा क्लास आहे. गुरुजींचा तबला मला छतातून रोज ऐकू येतो आणि माझी ठोकाठोकी त्यांना जमिनीतून. त्यामुळे आमची ओळख व्हायला वेळ लागला नाही. मी त्यांना साध्या ढोलाचं दुखणं सांगितलं. ताणलेल्या गोल कातड्यातून जी कंपनं निघतात त्यांचं नातं १, १.५९, २.१४, २.३०, २.६५ असं काहीतरी आडमुठं असतं. पटीत काही बसत नाही, म्हणूनच बहुतेक ढोलांना आवाज असतो पण स्वर नसतो. तबल्याला मात्र असतो. का असतो, हे कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलं. शिवकाली कुमार यांच्यासोबतचा त्यांचा लेख १९२० मध्ये 'नेचर'मध्ये आला. पुडीच्या मध्यावरची शाई ही सगळी किमया करते. तिच्या वजनामुळे कंपनं सरकतात आणि १, २, ३, ४, ५ अशा पटीत येऊन बसतात. पुढे १९३४ मध्ये रामन यांनी दाखवलं की पुडीच्या नऊ तऱ्हेच्या कंपनांतून मिळून पाचच सूर निघतात.

गुरुजींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शाई भरणाऱ्याला हे माहीत होतंच की हो. त्याने फक्त लिहून काढलं नव्हतं."

त्यांचं खरं आहे. कारागीर लोखंडाच्या भुकटीचा आणि खळीचा एकेक पातळ थर देतो, दगडाने घोटतो, पुन्हा थर देतो. मुळात बेशिस्त असलेल्या कातड्याला तो एकेका थराने रांगेत आणतो. माझं काम नेमकं उलट्या दिशेने चालतं. माझं यंत्र जन्मतः रांगेतलं, आणि मी त्यात सदोष ट्रान्झिस्टर, बेसूर सहा जण, मागे राहणारे काका आणि हजारो छापा-काटे घालत बसतो.

तबल्याची बोलभाषा मात्र मला फार उपयोगी पडली. 'ना' आणि 'घे' एकत्र वाजले की 'धा', 'तिं' आणि 'घे' एकत्र आले की 'धिं'. आवाज सुटे करून पुन्हा जोडण्याचं हे शास्त्र क्लासमधली आठ वर्षांची पोरं तोंडाने म्हणतात. मी तेच केलं. 'ना'साठी पाच सूर पटीत लावले आणि त्यातला सगळ्यात खालचा दाबून टाकला, कारण 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या काठाशी टेकलेली असते आणि ती त्या खालच्या सुराला उठू देत नाही. डग्ग्यासाठी माझा जुना ढोल उलटा केला. ढोलात सूर खाली घसरतो. डग्ग्यावर मनगट पुढे रेटलं की ताण वाढतो आणि 'घे' खालून वर चढतो. तो चढ मनासारखा जमला त्या रात्री मी लॅपटॉप घेऊन घरभर फिरलो. प्रेक्षकवर्ग झोपला होता.

नक्कल कुठवर करावी, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी आणि बेंजो पथकांनी तो कधीच निकालात काढला. रोलँडचं ऑक्टोपॅड १९८५ मध्ये आलं, आणि आता आठ रबरी चौकोनांवर काठ्या मारून एकच माणूस ढोलकी, हलगी, संबळ असं सगळं वाजवून मोकळा होतो. ते आवाज बहुधा खऱ्या वाद्यांचेच, साठवून ठेवलेले असतात. माझा त्याला विरोध नाही. गर्दीच्या रात्री हलगी शेकत बसायला वेळ कुणाला आहे? पण साठवलेल्या हलगीला एकच ठोका माहीत असतो, फार तर चार, आणि तो कितीही वेळा मारा, तीच हलगी त्याच दिवशी त्याच माणसाने वाजवलेली.

दुसरी वाट धरणारा माणूस मुंबईत होऊन गेला. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँडची तीन यंत्रं एकत्र जोडून 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. भैरव, ललित, तोडी, मेघमल्हार असे दहा राग आणि खाली सतत चालणारा यंत्राचा ठेका. त्यांनी टीआर-८०८ ला तबला व्हायला लावलं नाही, यंत्राला यंत्रच राहू दिलं. तबकडी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोतून त्याच टीबी-३०३ च्या आवाजावर उभं राहिलेलं अ‍ॅसिड हाउस नावाचं संगीत निघालं, आणि २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चक्रावले, की हे मुंबईत आधीच कसं? म्हातारपणी त्यांना परदेशांतून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. त्यातला भैरव मी पहाटे एकदा मोठ्याने लावला होता. खालच्या मजल्यावरचे आजोबा फिरायला जाताना जरा भरभर चालताना दिसले.

माझा तबला पुरता जमल्यावर मी तो गुरुजींना ऐकवला. तीनताल, मध्यलय. त्यात मी फार कष्टाने माणूस घातला होता. एकही 'ना' दुसऱ्यासारखा नाही, कुठे सूर केसभर चढा, कुठे जोर कमी, आणि मात्राही काही मिलिसेकंद मागेपुढे सरकणाऱ्या. यासाठी प्रोग्राममध्ये एक वेगळीच खुंटी असते. गुरुजींनी डोळे मिटून दोन-तीन आवर्तनं ऐकली, मांडीवर बोटं धरली आणि मग डोळे उघडले.

"आवाज चांगला उतरलाय हो. पण लय सोडतोय."

"ते मुद्दाम ठेवलंय गुरुजी. माणसासारखं वाटावं म्हणून."

"अहो, माझ्याकडे संध्याकाळी बारा पोरं येतात. माणसासारखं वाजवायला ती पुरेशी आहेत. मला यंत्रासारखं वाजवणारं कुणीतरी द्या की."

मी खुंटी शून्यावर आणली. आता रोज सहा वाजता माझा तीनताल वरच्या मजल्यावर ठेका धरतो, बारा पोरं त्याच्या मागेपुढे धावतात, आणि आई खालून विचारते की यातलं तुझं कोणतं.